विमानतळ ते विमानतळ

‘फक्त दीड तासाचा प्रश्न आहे, मॅम,’ असं गोव्यातल्या विमानतळावर ज्या मुलीने मला सांगितलं, तिच्यावर मी रागावलेली नाही. तिला पढवलेलं ती बोलत होती. माझा राग इतरांवर आहे आणि तो अजून उतरलेला नाही. शेजारपाजारचे सांगतात, विसरून जा, वर्ष होत आलं. प्रयत्न केला तर विसरेनही, पण मला तो प्रयत्नच करायचा नाही.

मी मालवणात औषधाच्या दुकानात काम करते. घरी मी आणि माझा धाकटा भाऊ, दोघंच. भाऊ पूर्वी माडावर चढून नारळ काढायचा. चढणारी माणसं कमी होत गेली तशी त्याला मागणी वाढली. मालवणपासून तारकर्लीपर्यंत सगळे त्यालाच बोलवायचे. असाच एकदा तो एका लॉजच्या आवारातल्या माडावरून पडला. वाचला, पण कमरेखालचं सगळं गेलं. आता तो चाकांच्या खुर्चीत बसून मच्छीमारांची फाटलेली जाळी दुरुस्त करतो. त्याच्या हातांना उसंत नसते, आणि त्याच्या इतकं नीट काम गावात फार थोडे करतात.

लोकांना वाटतं, याला चालता येत नाही एवढंच. मला भीती असते ती त्याच्या बसण्याची. आपण खुर्चीत बसलो की दर मिनिटाला नकळत हलतो, इकडचा भार तिकडे टाकतो. त्याला खालचं काही कळत नाही, म्हणून तो हलत नाही. एकाच जागी फार वेळ भार पडला की कातडी आतून मरते आणि जखम होते. ती भरायला महिने लागतात. म्हणून त्याच्या खुर्चीत हवेची खास उशी असते. शिवाय थोड्या थोड्या वेळाने तो खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचलून धरतो. हे त्याच्या अंगवळणी पडलंय. बोलता बोलता उचलतो, बोलता बोलता खाली बसतो.

याच कारणाने तो पडल्यापासून कधी लांबच्या प्रवासाला गेला नव्हता. पुण्याला आमची मधली बहीण असते. रात्रभराची बस त्याला अशक्य, रेल्वेलाही आम्ही घाबरायचो. मग आमच्या जिल्ह्यात, परुळ्याजवळच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, विमानतळ झाला आणि पुण्याला विमान सुरू झालं. तासाभराचा प्रवास. घरापासून विमानतळ रिक्षाने जाण्याइतका जवळ. बहिणीच्या नातीचं बारसं ठरलं तेव्हा तो स्वतःहून म्हणाला, “बाय, आपण इमानान जाव्या.”

जाताना सगळं छान झालं. त्याला खिडकी मिळाली होती. वर गेल्यावर त्याने कर्लीची खाडी ओळखली, देवबागची वाळूची पट्टी ओळखली आणि मला कोपराने ढोसून ढोसून दाखवली. बारशाला त्याने बाळाला मांडीवर घेतलं. मला वाटलं, इतकी वर्षं आपण उगाच याला घरात ठेवलं.

येताना सड्यावर ढग उतरले होते. परतीच्या पावसाचे दिवस होते ते. विमानाने दोन घिरट्या घातल्या आणि मग सांगितलं की इथे उतरता येत नाही, गोव्याला उतरतोय. यात कुणाचा दोष नाही. ढगांवर मी कशाला रागावू? पुढचं सगळं माणसांनी केलं.

गोव्यात, हद्दीपलीकडे पेडण्याला नवा मोठा विमानतळ आहे. तिथे सगळे उतरल्यावर सर्वांत शेवटी आम्हाला उतरवलं. विमानतळाच्या खुर्चीत बसवून भावाला बाहेर आणलं. त्याची स्वतःची खुर्ची विमानाच्या पोटातून येणार होती आणि उशी तिलाच पट्ट्याने बांधलेली होती. उशी काढून विमानात बरोबर नेऊ का, असं पुण्यात मी विचारलं होतं. तिथला माणूस म्हणाला, सीट मऊ असते, काही होत नाही. एका तासाचाच प्रश्न होता, म्हणून मी ऐकलं.

बाहेर एक बस उभी होती. उंच, लाल, पायऱ्या अरुंद आणि सरळ उभ्या. ही बस सगळ्यांना आमच्या विमानतळावर सोडणार होती. विमान कंपनीच्या त्या मुलीला मी विचारलं, “याला यात कसं चढवणार? याच्यासाठी गाडी नाही का?”

“मॅम, गाडीला वेळ लागेल. बस आत्ता निघतेय. फक्त दीड तासाचा प्रश्न आहे.”

“त्याची खुर्ची कुठे आहे?”

“लोड झालीय, मॅम.”

मी बसच्या मागच्या बाजूला धावले. सामान भरणारी मुलं पोटाचं दार लावत होती. खुर्ची सगळ्यात आधी आत गेली होती, तिच्यावर सगळ्यांच्या बॅगा. मी म्हटलं, खुर्ची राहू दे, तिला बांधलेली उशी तेवढी काढून द्या. त्यातला एक म्हणाला, “सगळं खाली काढावं लागेल. बस सुटेल.” आणि त्याने दार लावलं.

मी परत आले तोवर दोन हमाल भावाला चढवत होते. एकाने काखेत हात घातले होते, दुसऱ्याने गुडघे धरले होते. त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. पायरी अरुंद, खालचा माणूस वाकलेला, आणि त्या ओढाताणीत भावाची पॅंट खाली घसरली. लघवीची पिशवी बाहेर लोंबत राहिली. बसमधले सगळे दाराकडे तोंड करून बसलेले. मी ओरडले. काय ओरडले ते सगळं सांगत नाही, पण त्यात हमाल आले, ती मुलगी आली, विमान कंपनी आली आणि बघत बसलेलेही आले. भाऊ दातओठ खाऊन म्हणाला, “गप रव गो, बाय. गप रव.”

त्याला पहिल्याच रांगेत बसवलं. मी त्याचे कपडे नीट केले, मांडीवर माझी ओढणी टाकली. सीट कडक होती. बूड टेकलं की खालची फळी लागावी इतकी.

त्यानंतर बस निघाली नाही. एका गृहस्थाची बॅग सापडत नव्हती. महागडी असावी, कारण त्याने फार आवाज केला. तीच मुलगी, तेच सामान भरणारे, सगळे धावले. आणि मी माझ्या डोळ्यांनी बघितलं, बसचं पोट पुन्हा उघडलं. बॅग चुकून तिथे गेलीय का, हे बघायला त्यांनी पुढच्या बॅगा खाली काढल्या. मी उतरून म्हटलं, “आता उघडलंय तर उशी द्या.” तेवढ्यात ती बॅग आत विमानतळातच सापडली, सुटल्यासारखे सगळे हसले आणि बॅगा परत आत फेकून दार लावलं. मी तिथेच उभी होते. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. एका बॅगेसाठी बस थांबली तो वेळ मी घड्याळात बघितला नव्हता, म्हणून किती ते सांगत नाही. थोडा नव्हता.

रस्ता तुम्हाला माहीत असेल. पत्रादेवीला हद्द, मग बांदा, सावंतवाडी, कुडाळ. दोन विमानतळांमध्ये पक्ष्याने उडून जायचं म्हटलं तर काही नाही. विमानाने तर बसेपर्यंत उठायची वेळ. रस्त्याने पन्नास-साठ किलोमीटर, तेही बस कुठून वळते त्यावर. त्या मुलीचा दीड तास मोबाइलवरचा होता. मोबाइलला पावसाने उखडलेला रस्ता दिसत नाही आणि चालकाचा चहाही.

भावाने समोरच्या लोखंडी दांड्याला धरून स्वतःला उचलायला सुरुवात केली. तिथे पकड नीट बसत नव्हती. तो दांडा चालकाच्या मागच्या एकट्या सीटचा होता आणि तिथे बसलेल्या बाई दर वेळी हलायच्या. दोन-तीनदा झाल्यावर त्या वळून म्हणाल्या, “जरा शांत बसायला सांगा ना त्यांना. मला उलटीसारखं होतंय.”

मी त्यांना समजावलं. त्या म्हणाल्या, “हो, पण आम्हालाही त्रास होतो.” आणि भावाने दांडा सोडला. त्यानंतर त्याने तो धरला नाही. मी काखेत हात घालून त्याला उचलायचा प्रयत्न केला. हलत्या बसमध्ये माझ्याने तो किती उचलला जाणार?

सावंतवाडीच्या अलीकडे बस चहाला थांबली. माझ्या मनात होतं, इथे तरी. मी चालकाला म्हटलं, “दादा, पाच मिनिटं पोट उघडा. बॅगा मी काढते, मीच परत लावते.” तो नाही म्हणाला नसता. त्याचा चेहरा बरा होता. पण तो काही बोलायच्या आधी मागून आवाज आला, “आता परत सामान काढू नका हो. पोचायला आधीच उशीर झालाय.”

मी वळून बघितलं. तो आमच्याच गावचा माणूस होता. दुकानात नेहमी येतो, पित्ताच्या गोळ्या नेतो. त्याच्या आईच्या आजारपणात मी घरून जाऊन त्याला दुकान उघडून औषध दिलं होतं. मला ओळखून तो जरा वरमला. “ताई, तुम्ही होय? आता काय, पोचतोच आहोत आपण.” आणि चहाचा ग्लास घेऊन पलीकडे गेला.

चालकानेही मग मान हलवली. सगळे चहा प्यायले, भजी खाल्ली. मी बसमध्ये भावाच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याला एका कुशीवर कलता करून धरलं, जेवढं जमलं तेवढं.

“बाय, तू चाय पी जा.”

“नको.”

“माका काय्येक होवचा नाय.”

त्याला काही कळत नव्हतं, हाच तर सगळा घोळ होता.

कुडाळ आलं. कुडाळाहून मालवणचा रस्ता सरळ फुटतो. तिथून रिक्षा केली असती तर पाऊण तासात आम्ही घरी असतो. बस मात्र आम्हाला परुळ्याच्या सड्यावर नेणार, आणि तिथून आम्ही रिक्षाने मालवणला येणार. मी चालकाला म्हटलं, आम्हाला इथेच उतरवा. तो म्हणाला, “मॅडम, आमका मधी उतरवूचा नाय म्हणान सांगितलला आसा. विमानतळ ते विमानतळ. सगळ्यांच्या सह्या थंयच घेवच्या आसत.”

“पण आमचं घर इकडे आहे.”

“मी काय करू सांगा.”

भाऊ पहिल्यांदाच परक्या माणसाशी बोलला. “अरे, माका हंयच उतरव. मी सही करून देतंय. काय व्हया ता लिवन देतंय.”

मागून दोघे-तिघे बोलले की इथे उतरवायचं म्हणजे पुन्हा खुर्चीसाठी सामान काढणं आलं. कुणीतरी म्हणालं, एकाला उतरवलं तर सगळेच मागतील. मी उभी राहिले आणि त्या सगळ्यांना तोंडावर विचारलं, “तुमच्यातलं कुणी आहे का जे खाली उतरून मला दोन बॅगा काढायला मदत करील?” कुणी उठलं नाही. काही जण खिडकीबाहेर बघायला लागले. ही आमचीच माणसं होती. कुणी कुडाळचं, कुणी वेंगुर्ल्याचं, कुणी मालवणचं. मी कंपनीला शिव्या देते तेव्हा हेही विसरत नाही.

बस सड्यावर पोचली तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. पुण्यात विमानात बसल्यापासून भाऊ उशीशिवाय बसून होता. उतरवताना मी कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या ओळखीच्या रिक्षावाल्याला बोलावून ठेवलं होतं. त्याने पाठीवर घेऊन उतरवलं, लहान मुलाला घेतात तसं. मग खुर्ची आली. उशी तिला जशीच्या तशी बांधलेली होती.

घरी येऊन मी त्याला पालथं केलं आणि बघितलं. दोन्हीकडे लाल झालं होतं. दाबलं तरी पांढरं होत नव्हतं. औषधाच्या दुकानात इतकी वर्षं काढल्यावर याचा अर्थ कळतो. तो म्हणाला, “काय दिसता?” मी म्हटलं, “थोडं लाल आहे.”

काही दिवसांत डावीकडे कातडी काळी पडली आणि मग उघडली. डॉक्टर म्हणाले, बसायचं नाही, अजिबात नाही. तो पालथा पडून राहिला. मी सकाळी दुकानात जायच्या आधी आणि आल्यावर जखम धुवायची, औषध भरायची. जाळ्यांचं काम थांबलं. पालथं पडून थोडं जमेल म्हणून त्याने एकदा जाळं मागून घेतलं, पण छातीला रग लागली आणि परत पाठवलं. दिवाळी गेली, जत्रा गेल्या, आंब्याला मोहोर येऊन कैऱ्या धरल्या, तरी जखम भरतच होती.

मी कंपनीला फोन केला. एकदा नाही, कितीतरी वेळा. दर वेळी नवा आवाज. शेवटी एकाने फाइल उघडली आणि सांगितलं, “मॅडम, आम्ही पर्यायी वाहतूक दिली होती. दोन विमानतळांमधलं अंतर दीड तासाचं आहे. प्रवासी स्वखुशीने बसले.”

“स्वखुशीने म्हणजे? त्याला उचलून टाकलं होतं.”

“तशी नोंद नाही, मॅडम.”

मी ओरडायला लागले. आतल्या खोलीतून भाऊ म्हणाला, “बाय, फोन ठेव.” मी ठेवला नाही. तो पुन्हा म्हणाला, मोठ्याने. मग ठेवला.

त्या दिवशी आमचं भांडण झालं. मी म्हटलं, ग्राहक मंचात तक्रार करूया. तो म्हणाला, नको. मी म्हटलं, तू असा पडून आहेस आणि ते म्हणतात स्वखुशीने. तो म्हणाला, “माका भांडान नको. तू माझ्या नावान भांडा नको.”

“मग कुणाच्या नावाने भांडू?”

“तुझा भांडाण तुझ्या नावान कर. माका त्यात हाडू नको.”

मला फार लागलं ते. रात्रंदिवस मी त्याचं करत होते आणि तो मला असं म्हणत होता. दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. मग रागाच्या भरात खरंच तेच केलं. बसमध्ये माझीही सीट होती, तिकीट माझंही होतं. मी माझ्या नावाने तक्रार केली.

साक्षीला कुणी मिळेल का बघितलं. पित्ताच्या गोळ्यांवाला दुकानात आला तेव्हा त्याला विचारलं, “तुम्ही बसमध्ये होतात. जे बघितलंत तेवढंच सांगाल?” त्याने इकडेतिकडे बघितलं. “ताई, मी मागे होतो. मला नीट दिसलं नाही. आणि माझं सारखं येणं-जाणं असतं हो विमानाने. उगाच नाव कशाला?” मी त्याला गोळ्या दिल्या, सुटे पैसे दिले. तो गेल्यावर दुकानाच्या मागे जाऊन मी नळाखाली तोंड धुतलं, कारण माझे कान तापले होते.

पहिल्या सुनावणीला मी ओरोसला, जिल्ह्याच्या ठिकाणी, एकटी गेले. कंपनीचा वकील सभ्य होता. त्याने विचारलं, “बाई, तक्रार तुमच्या नावाची आहे. तुम्हाला स्वतःला काय इजा झाली?” मी भावाच्या जखमेचं सांगू लागले. तो म्हणाला, “ते तुमचे बंधू सांगतील. पण त्यांची तर तक्रारच नाही.” पुढची तारीख मिळाली.

घरी आल्यावर भावाने विचारलं, “काय इचारल्यानी?” तेव्हा तो पुन्हा खुर्चीत बसायला लागला होता, थोडा थोडा वेळ. मी सांगितलं. त्याने खुर्चीच्या हातांवर जोर देऊन स्वतःला उचललं, पुन्हा खाली बसला. मग म्हणाला, “फुडच्या तारखेक मी येतंय. तू थंय काय बोला नको.”

तो आला. रिक्षाने, खुर्ची मागे बांधून. त्याला बोलायला सांगितलं तेव्हा त्याने मालवणीतच सुरुवात केली. वकील म्हणाला, जरा मराठीत सांगा. भाऊ म्हणाला, “माका असाच येता,” आणि सांगत राहिला. समोर बसलेले मंचाचे लोक समजून घेत होते.

मला वाटलं होतं, तो जखमेचं सांगेल, पालथं पडून काढलेल्या महिन्यांचं सांगेल. तो म्हणाला, जखमेचा माका काय कळाक नाय, ती भरली. त्याने सांगितलं ते पॅंटचं. बसच्या पायरीवर सगळ्यांसमोर आपली पॅंट उतरली, पिशवी बाहेर आली, आणि बसमध्ये आपल्या गावच्या बायका बसल्या होत्या. “माका थंय आडवो धरून ठेयल्यानी,” तो म्हणाला. “माका वर घेवक झाला नाय. हात मोकळे नाय होते.” मग म्हणाला, “आणि माझी भयण ओरडली, तेव्हा नाय बघीत होते तेंनीय बघल्यानी.”

हे त्याने मला कधी सांगितलं नव्हतं. मी शेजारी खाली मान घालून बसले होते. इतके महिने मी उशीवरून जळत होते आणि तो या एका गोष्टीवरून जळत होता, त्याच घरात, शेजारच्या खोलीत.

वकिलाने त्याला विचारलं, “तुमची मागणी काय आहे?” भाऊ म्हणाला, “तेंका इचारा, तेंचो बापूस आसतो तर असो चढवल्यानी आसतो काय.” वकिलाने कागद चाळले. त्यानंतर त्याने फार प्रश्न विचारले नाहीत.

निकाल अजून लागलेला नाही. मध्यंतरी कंपनीने फोन करून दोघांना पुण्याचं फुकट तिकीट देऊ केलं. भाऊ म्हणाला, घेव नको, आणि मीही तेच म्हणणार होते. गेल्या आठवड्यात पुन्हा ढग होते आणि विमान पुन्हा तिकडे उतरलं. दुकानात एकजण हसत हसत सांगत होता, काही नाही हो, बसने आणून सोडतात. मी त्याला विचारलं, कुणी म्हातारं-कोतारं होतं का बसमध्ये? तो म्हणाला, लक्ष नव्हतं.

मी म्हटलं, पुढच्या वेळी ठेवा.

त्याला राग आला असावा. त्याने औषधं घेतली नाहीत, चिठ्ठी उचलून समोरच्या दुकानात गेला. मालक मला बोलले. बोलू देत.